आधी कट घ्या, मग पैसे मोजा

प्रश्न (कराड) : घरामागे १२ बाय १४ फुटांचं पत्र्याचं शेड आहे. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून जुनी ऑइल इंजिनं नीट करायचा नाद लागलाय. गोठ्यात गंजत पडलेली किर्लोस्कर, कूपर, राजकोटची लिस्टर धाटणीची इंजिनं आणतो, उघडतो, चालू करून देतो. वडिलांचा साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा लेथ (धातूचा जॉब फिरवत कापणारं यंत्र) होता, त्यावर सगळं भागत होतं. गेल्या पावसाळ्यात शेडची फरशी करताना तो सरकवला आणि मागे मोटरच्या बाजूला कलंडला. हेडस्टॉकला, म्हणजे जॉब फिरवणारा स्पिंडल ज्यात बसतो त्या भागाला, पुढच्या बेअरिंगपाशी तडा गेलाय. एक जण ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधणं) करून देतो म्हणतो, मुलगा म्हणतो नवाच घ्या. दोन लाखांपर्यंत जाऊ शकतो. समोर तीन लेथ आहेत : राजकोटचा नवा साडेचार फुटी, बंद होणाऱ्या एका कारखान्यातला जुना एच.एम.टी. आणि टेबलावर मावणारा चिनी मिनी लेथ. घरी सिंगल फेज आहे. कोणता घेऊ?

उत्तर : ब्रेझिंगचा विषय आधी संपवू. तडा पायाला, गार्डला, गिअरच्या झाकणाला असता तर मी नक्की म्हटलं असतं, करून घ्या. पण पुढचं बेअरिंग बसतं तिथेच बीड (ओतीव लोखंड) फुटलंय. कट चालू असताना सगळा जोर त्याच जागेवर येतो. ब्रेझिंगच्या आचेनं ते भोक वाकडं होणार, मग ते मागच्या बेअरिंगच्या रेषेत पुन्हा बोअर करावं लागणार, आणि एवढं करूनही मनातून धाकधूक जाणार नाही. वडिलांच्या मशीनवर जीव असतो हे मला कळतं. तरीही हा हेडस्टॉक आता विश्रांतीला सोडा. चक (जॉब धरणारा पंजा), टूल पोस्ट (टूल धरणारा ठोकळा), ड्रिल चक, चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायचे गिअर) मात्र एकूण एक सांभाळून ठेवा. ते का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात इंजिनांची यादी आहे, कामांची नाही. लेथ कामावरून निवडायचा असतो, म्हणून ती यादी मीच लावून बघतो. किर्लोस्करच्या एव्ही-१ इंजिनाचा बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी. लिस्टर धाटणीच्या सहा एचपी इंजिनाचा पिस्टन साडेचार इंची, म्हणजे ११४.३ मिमी. स्मॉल एंडचे बुश, पिस्टन पिन, व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, पंपाचे बुश, एखादी पुली, हे तुमचं नेहमीचं काम. चकमध्ये वरचेवर धरावा लागणारा मोठ्यात मोठा जॉब ११५ मिमीच्या आसपासचा. दोन-दोन फुटी फ्लायव्हील घरच्या लेथवर फिरवायचा विचारही करू नका. वर्षाकाठी एखादंच फ्लायव्हील असेल, ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन मोठ्या लेथवर करून आणा. त्या एका कामापायी दुप्पट लेथ घरात आणण्यात अर्थ नाही.

आता ११५ मिमीचं बीड टर्न करायचंय, म्हणजे फिरवत कापायचंय, असं धरा. हाय स्पीड स्टीलच्या टूलनं बिडाला मिनिटाला २० मीटरचा कटिंग स्पीड ठीक. २० ला १००० नं गुणा आणि ३.१४ गुणिले ११५ नं भागा. उत्तर येतं ५५. मिनिटाला ५५ फेरे, आणि त्या वेगाला मशीनमध्ये ताकद हवी. इथेच मिनी लेथ तुमच्यापुरता बाद होतो. त्याची छोटी डीसी मोटर इलेक्ट्रॉनिक बोर्डावर वेग कमी करते, वेग उतरला की जोरही उतरतो, आणि ११५ मिमीच्या बिडावर जरा टूल टेकवलं की ती अडखळते. शिवाय त्याच्या स्पिंडलचं भोक २० मिमीचं. जरा जाड शाफ्टसुद्धा त्यातून आरपार जायचा नाही. तुमच्या वडिलांच्या लेथला बॅक गिअर होता. तो टाकला की वेग कमी आणि जोर जास्त, ही सोय तुमच्या कामाला आजही हवीच.

एच.एम.टी.बद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो, कारण टूलरूममध्ये मी तिच्याच लेथवर वाढलो. १९५३ साली बंगळुरात उभ्या राहिलेल्या या कारखान्यानं देशभरच्या टर्नरांना अचूक काम म्हणजे काय ते हातात दिलं. तशीच माया हरिहरच्या मैसूर किर्लोस्करच्या लेथवर. १९४१ साली सुरू झालेला तो कारखाना बंद पडून वीस वर्षांवर झाली, तरी त्याचे लेथ अजून शेडाशेडांतून चाललेत. पण बिडावर उठवलेलं नाव झीज थांबवत नाही. तुम्ही मॉडेल कळवलेलं नाही. एच-२२ किंवा एनएच-२२ असेल तर वजन टनाच्या बरंच वर जाईल आणि मोटर तीन फेजची, मोठी. तुमच्या शेडची नवी फरशी, तुमचं सिंगल फेज आणि तुमचे बुश-पिना, यातल्या कशालाच तो जोडीला शोभणार नाही. निम्म्या किमतीत मिळाला तरी सोडून द्या.

उरला राजकोटचा. माझं उत्तर त्याच बाजूला आहे, पण दोन अटींवर. पहिली अट : लाइट ड्यूटी म्हणून विकतात तो नको, त्याच लांबीचा मीडियम ड्यूटी बघा. बेडची (मशीनच्या आडव्या पाट्याची) रुंदी आणि हेडस्टॉकचं बीड डोळ्यांनीच कळतं. हलक्या मशीनमध्ये वजन जिथे वाचवतात तिथेच पुढे चॅटर, म्हणजे टूलची थरथर, सुरू होतो. स्पिंडल टेपर रोलर बेअरिंगवर आहे की बुशवर, ते स्पष्ट विचारा. बुश वाईट नसतो, पण त्याला तेलाची रोजची काळजी लागते, आणि हातात आठ-आठ दिवसांच्या खंडानं येणाऱ्या घरच्या मशीनला रोलर बेअरिंग सोयीचं. दुसरी अट : फोटो बघून पैसे पाठवू नका. स्वतः जा, मशीन चालू करायला लावा, त्यावर स्वतः कट घ्या. नव्यावर जमत नसेल तर जुन्यावर या, म्हणजे याच दर्जाचा, चालू अवस्थेतला, जवळपासच्या वर्कशॉपमधला लेथ. पण तिथेही अट तीच. वीज जोडलेली नाही, मोटर काढून ठेवलीय, “मशीन एकदम ओके आहे साहेब” असं सांगून जो कट घेऊ देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

तुमचा लेथ पहिला नाही, वडिलांच्या लेथच्या जागी येणारा आहे, म्हणून जाताना एक चिठ्ठी खिशात ठेवा. जुन्या स्पिंडलच्या नोजचा (चक चढतो त्या टोकाचा) व्यास आणि आटे, टेलस्टॉकचा (जॉबचं दुसरं टोक टेकवायच्या भागाचा) मोर्स टेपर, म्हणजे ड्रिल-सेंटर बसतात त्या निमुळत्या भोकाचं ठरावीक माप, टूल पोस्टमध्ये बसणाऱ्या टूलची उंची, चेंज गिअरच्या भोकाचा व्यास आणि दातांचं माप. नोजचे आटे जुळले तर चांगला फोर जॉ चक नव्यावर तसाच चढेल. नाही जुळले तरी बिघडत नाही. चकसाठी बिडाची नवी बॅक प्लेट आणायची आणि ती त्याच स्पिंडलवर चढवून शेवटचा कट घ्यायचा, म्हणजे चक त्या मशीनपुरता बरोबर सेंटरला येतो. मोर्स टेपर मात्र जुळलाच तर बरं, नाहीतर ड्रिल आणि सेंटरचा अर्धा डबा बदलावा लागतो.

लीड स्क्रूचंही, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचंही, बघा. तुमच्या जुन्या इंजिनांवर व्हिटवर्थचे, ५५ अंशांचे, इंचाच्या मापातले आटे भरपूर. त्यामुळे इंची, म्हणजे इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू तुम्हाला उलट सोयीचा. कुणी तो जुनाट म्हणालं तर मनावर घेऊ नका. मेट्रिक आटे पाडायला १२७ दातांचा गिअर सेटमध्ये आहे ना एवढं मोजून घ्या. इंच २५.४ मिमीचा, आणि त्याची पाचपट १२७, म्हणून दोन्ही मापांचा मेळ या एका गिअरवर बसतो. जुन्या मशीनबरोबर नेमका हाच गिअर हरवलेला असतो. आणि इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) मधे सोडायचा नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवूनच कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) परत आणायचं.

आता तपासणी. सोबत डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, एक कानस, एक छोटी हातोडी, हातभर लाकडी दांडका आणि घरून नेलेला ५० मिमीचा माइल्ड स्टीलचा बार न्या. बार त्यांचा घेऊ नका, तुमचाच घ्या.

पहिल्यांदा स्पिंडल. चक काढायला लावा. डायलचं टोक नोजच्या घासून साफ केलेल्या भागावर टेकवा आणि हातानं सावकाश फिरवा. काटा १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आत हलला पाहिजे. मग दांडका नोजखाली घालून वर उचलायचा जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. काटा किती उडतो ते बघा. रोलर बेअरिंग असेल तर हे उडणं १० मायक्रॉनच्या आसपास हवं. बुश असेल तर २० ते ३० चालेल, तेलाच्या थराला तेवढी जागा लागतेच. काटा ८०–१०० मायक्रॉन उडाला आणि विकणारा म्हणाला “नट आवळला की बसेल”, तर नट आत्ताच आवळायला सांगा आणि मशीन अर्धा तास मधल्या वेगावर चालू ठेवा. हेडस्टॉकला हात लावून बघा. हात ठेववत नाही इतकं तापलं तर बेअरिंग गेलंय, आवळून आवाज फक्त लपवलाय.

मग बेड. कॅरेज चकजवळ आणा आणि गिब पट्टी (सरकत्या भागाचा सैलपणा काढणारी पट्टी) जरा कसा, म्हणजे ते घट्टसर पण हलतं राहील. आता चाक फिरवत टेलस्टॉककडे न्या. वाटेत घट्ट होत गेलं, कुठेतरी अडलंच, तर चकजवळचा बेड झिजलाय आणि पलीकडचा शाबूत आहे. किती अडलं त्यावरून किती झिजला याचा अंदाज येतो. बेड हार्ड केलेला आहे की नाही हे बघायला, जिथून कॅरेज कधी जात नाही अशा कोपऱ्यावर कानशीचा एक हलका हात मारा. कानस नुसती घसरली तर बेड हार्ड. चावली तर मऊ. हे मालकाला विचारून करा.

झिजलेल्या बेडनं लोक फार घाबरतात, म्हणून थोडं थांबून लिहितो. बेड झिजून टूल खाली उतरलं तर जॉबवर किती फरक पडतो? ५० मिमी व्यासाच्या जॉबवर टूल एक दशांश मिमी खाली गेलं, तर त्रिज्या वाढते ०.०००२ मिमी. म्हणजे काहीच नाही. तेच टूल एक दशांश मिमी आडवं, तुमच्याकडे सरकलं तर व्यासात सरळ दोन दशांश मिमीचा फरक. म्हणजे धास्ती खाली-वरच्या झिजेची नाही, आडवीची बाळगायची. व्ही आकाराच्या पुढच्या बेडची धार एका बाजूनं घासली गेली की ही आडवी झीज येते. त्या व्हीच्या दोन्ही उतारांवरून नखाची कड फिरवा, चकजवळ जिथे कॅरेज सगळ्यात जास्त घासतं तिथे पायरी लागते का बघा. आणि तुमचे बुश जेमतेम दोन-तीन इंच लांबीचे. तेवढ्यात झिजलेला बेडही वाट काढू देतो. स्पिंडल हलत असेल तर मात्र टर्नर कितीही तयार हाताचा असो, गोल काम गोल येत नाही. म्हणून दोन मशीनमध्ये अडलात तर चांगल्या स्पिंडलचा आणि थोड्या झिजलेल्या बेडचा लेथ उचला, उलटा नको.

क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचा) हँडल अर्धा फेरा मोकळा फिरतो म्हणून मशीन नाकारू नका. गनमेटलचा नट झिजलेला असतो, तो नवा करता येतो, आणि तुम्ही तर तो स्वतःच कराल. भाव पाडायला मात्र हा मुद्दा जरूर वापरा. रंग ताजा असेल तर हातोडीनं हेडस्टॉक, एप्रन (कॅरेजचा पुढचा डबा), पाय हलकेच ठोकत जा. अखंड बीड खणखणतं. लांबी (पुट्टी) भरून तडा झाकलेला असेल तिथे आवाज बसतो.

शेवटी कट. ५० मिमीचा बार चकमध्ये धरा, १५० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना पंधरा-पंधरा मिमीचे कॉलर सोडून मधला भाग खाली उतरवा. मग क्रॉस स्लाइडला हात न लावता, ऑटो फीडवर, धारदार टूलनं दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट न्या, एक दशांश मिमी पुरे. मायक्रोमीटरनं दोन्ही मापा. २० मायक्रॉनच्या आत फरक असला तर मी हात मिळवून पैसे मोजेन. जास्त असला तर लगेच हेडस्टॉक वाकडा म्हणू नका. मशीन फरशीवर पिळून बसवलेलं असलं तरी असाच टेपर येतो. चकजवळचा आणि टोकाचा कॉलर मापला, टेलस्टॉकच्या बाजूच्या एका पायाचा बोल्ट सैल करून पातळ पत्रा सरकवला आणि फरक बदलला, तर दोष पायाचा, मशीन बरं. नव्या मशीनच्या बाबतीत भरलेला टेस्ट चार्ट (अचूकतेच्या मोजमापांचा तक्ता) मागा, आणि तो मागितल्यावर विक्रेत्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

आयटीआय किंवा कॉलेजच्या लिलावातले लेथ तुमच्या कानावर येतील. त्यांचा बेड पुष्कळदा चांगला असतो, कारण सतत लांब कामं झालेली नसतात. पण शिकाऊ हातांनी कॅरेज चकवर आदळलेलं असतं. हाफ नट, एप्रनमधले गिअर आणि टेलस्टॉकचा टेपर, एवढं कसून बघा.

आणि आणताना. तुमचा एक लेथ कलंडलाच आहे, म्हणून हात जोडून सांगतो. साडेचार फुटी लेथही चारेकशे किलोंच्या घरात असतो आणि त्याचं वजन वर आणि हेडस्टॉककडे असतं. कॅरेज टेलस्टॉककडे सरकवून लॉक करा. मोटर आणि चक आधी उतरवा. पट्टा बेडखालून घ्या, लीड स्क्रू किंवा फीड रॉडवरून कधीच नको, ते वाकले की मशीन कायमचं बिघडतं. टेंपोतून उतरवायला हायड्रा क्रेन किंवा चेनपुली घ्या. शेडमध्ये पाइपच्या तुकड्यांवरून सरकवताना पाय दोन्ही बाजूंना रुंद लाकडांवर बोल्टनं जखडून घ्या. पहारीनं उचलताना समोर कुणी उभं राहायचं नाही. कलंडायला लागलं तर ते धरायचं नाही, बाजूला व्हायचं.

प्रश्न (नाशिक) : मित्राच्या वर्कशॉपमधला चांगला साडेचार फुटी लेथ घेतलाय, पण मोटर २ एचपी, तीन फेजची. घरी सिंगल फेज. कुणी म्हणतं ड्राइव्ह लाव, कुणी म्हणतं मोटर बदल.

उत्तर : मोटरच्या टर्मिनल बॉक्सवरची पाटी वाचा, उत्तर तिथेच आहे. सिंगल फेज २३० व्होल्ट घेऊन तीन फेज देणारे ड्राइव्ह मिळतात, पण ते बाहेरही २३० व्होल्टच देतात. पाटीवर २३०/४१५, डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) असं असेल तर मोटर डेल्टात जोडा, पूर्ण ताकदीनं चालेल. नुसतं ४१५ डेल्टा असेल तर ती २३० वर अर्धमेली चालणार, तिचा नाद सोडा. ४१५ स्टार असेल आणि बॉक्समध्ये तीनच वायरी बाहेर असतील, तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार पॉइंट उघडून सहा वायरी बाहेर काढून घ्या. चांगला वाइंडर ते करतो.

२ एचपीचा ड्राइव्ह सिंगल फेजवर भरपूर करंट ओढतो, बारा-चौदा अँपिअर सहज. त्याला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. घराच्या मंजूर भारात हे बसतं का, ते वायरमनला बघायला सांगा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्विच ठेवू नका. चालू-बंद ड्राइव्हच्या टर्मिनलवरूनच करा, नाहीतर मधेच तोडल्यावर ड्राइव्ह जळतो. बंद केल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहतं, झाकण उघडायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

ड्राइव्ह आला म्हणून पुल्या काढून टाकू नका. फ्रिक्वेन्सी उतरवून वेग कमी केला तर ताकदही त्याच प्रमाणात कमी होते आणि मोटरचा पंखाही मंद होऊन ती तापते. जड कामाला पट्टा आणि बॅक गिअरच हवेत, ड्राइव्ह मधल्या वेगांसाठी. एक गोष्ट मात्र आजच तपासा : तुमचा चक आट्यांवर चढतो का? चढत असेल तर ड्राइव्हमध्ये थांबायचा वेळ पाच-सहा सेकंदांच्या वर ठेवा. झटक्यात थांबवलं किंवा उलटं फिरवलं तर चक सुटून बेडवर येतो, आणि तिथे तुमचा हात असू शकतो.

ड्राइव्ह परवडत नसेल तर दीड एचपीची सिंगल फेज मोटर लावून काम सुरू करा. फिनिशमध्ये थोडा फरक दिसेल, पण घरच्या कामाला ती पुरते.

प्रश्न (पुणे) : तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी आहे. भिंतीवरची जुनी घड्याळं दुरुस्त करते, शिवाय मुलाच्या दुर्बिणीसाठी लहान रिंगा, अडॅप्टर करायचेत. सेकंडहँड साडेचार फुटी लेथ स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : नको. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास चल भार धरून काढलेला असतो. चारशे किलोंचा लेथ जेमतेम सहा दशांश चौरस मीटर जागेवर उभा राहतो, म्हणजे मानकाच्या तिप्पट. इमारत पडेल असं नाही, पण शेजाऱ्यांच्या छतावर असा प्रयोग करायचा हक्क आपल्याला नाही.

दुसरं कारण कामाचं. वर कराडच्या वाचकांना मी ५५ फेरे सांगितले, तोच हिशेब तुमच्या ६ मिमीच्या पितळी पिनेला लावा. पितळेला मिनिटाला ६० मीटर, म्हणजे तीन हजारांवर फेरे. जुना मोठा लेथ त्याच्या जवळपासही पोचत नाही. त्यांना मी ज्याला नको म्हटलं, तोच मिनी लेथ तुम्हाला बरोबर आहे. वजन चाळीस-पन्नास किलो, जाड लाकडी टेबलावर, शक्यतो भिंतीलगत तुळईच्या वर ठेवा आणि खाली रबर घाला. शेजाऱ्यांना दुपारी दोन ते चार त्रास देऊ नका.

आणल्यावर लगेच चालू करू नका. पूर्ण सोडवा, वंगणात अडकलेली कास्टिंगची रेती रॉकेलनं धुवून काढा, गिब बसवा, मग जोडा. प्लास्टिकच्या गिअरचा एक जादा सेट आणि मोटरचे ब्रश आत्ताच घेऊन ठेवा. कंट्रोल बोर्ड भारतात मिळतो का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण या मशीनमध्ये पहिल्यांदा बिघडतो तो बोर्डच.

दोन मर्यादा लक्षात असू द्या. बेडवर १८० मिमीचा जॉब फिरतो असं लिहिलेलं असतं, पण क्रॉस स्लाइडवर तो ११० च्या आसपासच. सहा इंची आरशाची रिंग त्यावर होणार नाही, आयपीसचे अडॅप्टर छान होतील. आणि घड्याळाच्या चाकांचे पिव्हट (अक्षाची बेअरिंगमध्ये फिरणारी टोकं), जे मिमीपेक्षाही बारीक असतात, ते थ्री जॉ चकवर करू नका. चक मिमीच्या शंभर भागांतल्या पाच-आठ भागांनी हलतोच, आणि पिव्हटला तेवढं म्हणजे फार झालं. त्यासाठी आठ मिमी कॉलेटचा (बारीक जॉब नेमका धरणाऱ्या चिरलेल्या नळीचा) घड्याळजींचा छोटा लेथ वेगळा असतो. जुन्या घड्याळजींकडे विचारत राहा. दुकान आवरणाऱ्या घरांमधून तो कॉलेटच्या डब्यासकट मिळतो. कॉलेट मोजून घ्या, त्यांच्याशिवाय त्या लेथचा उपयोग नाही.

ओढणी काढून, केस बांधून, बाही कोपराच्या वर घेऊनच मशीनवर उभ्या राहा. हातमोजे घालू नका. चकची चावी हातातून सुटली की तिची जागा ट्रेमध्ये, चकमध्ये नाही.

प्रश्न (चिपळूण) : नवा लेथ घेऊन पहिलाच पावसाळा. बेडवर तांबूस डाग पडायला लागलेत.

उत्तर : पॉलिश पेपर अजिबात मारू नका, त्याची भुकटी बेड खाते. बारीक स्टील वूल रॉकेलमध्ये भिजवून डाग हळू काढा, फडक्यानं कोरडं करा आणि स्लाइडवेचं ६८ ग्रेडचं तेल हाताच्या तळव्यानं पसरा. तळवा धुऊन कोरडा केलेला असावा, घामानंही गंज चढतो. मशीनवर गोणपाट टाकत असाल तर आजच काढा, ते ओल धरून ठेवतं. ट्रेमधला लाकडाचा भुसाही तसाच. सुती चादर टाका, आणि चादरीच्या आत, बेडखाली ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब कापडापासून लांब, जाळीत बसवून चालू ठेवा. बेड हवेपेक्षा थोडा कोमट राहिला की त्यावर दव धरत नाही. बीड टर्न केलं असेल त्या दिवशी काळी भुकटी आधी ब्रशनं, मग फडक्यानं काढा. फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका, ती कॅरेजखाली शिरते. पुढच्या वेळी बीड लावताना बेडवर आधी कागद अंथरा. टेलस्टॉकचा क्विल (आतबाहेर सरकणारी नळी) बाहेर काढून पुसायचं विसरू नका, कोकणात पहिला गंज मला नेहमी तिथेच दिसलाय.